लायलपूरचे कार्ड

छत्रपती संभाजीनगर,
२४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, यंदा मुक्तिसंग्राम दिनी गावच्या शाळेने तुमचा सत्कार ठरवला होता, तेव्हा "माझा कसला सत्कार? मी तर पकडला गेलो होतो," असे म्हणून तुम्ही जायचे टाळलेत. फोनवर मला उत्तर सुचले नाही. तुमचे ते वाक्य दोन महिने मनात घोळत राहिले, म्हणून हे पत्र.

३ डिसेंबर १९७१ च्या रात्री जम्मूच्या सीमेवरच्या छांबवर पाकिस्तानचा हल्ला झाला, तेव्हा तोफखान्याच्या निरीक्षण चौकीतला वायरलेस सेट तुमच्याकडे होता. चौकीला वेढा पडल्यावरही तुम्ही मागच्या तोफांना माऱ्याचे ठिकाण कळवत राहिलात आणि सेट फोडून टाकल्यावरच शत्रूच्या हाती लागलात. हे तुम्ही एकदाच, आजोबांच्या तेराव्याच्या रात्री सांगितलेत; मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, पण त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. यात लाज वाटावी असे काय आहे, ते मला आजही सापडत नाही.

पुढे पाकिस्तानातल्या लायलपूरची युद्धकैद्यांची छावणी. लढाई दोन आठवड्यांत संपली, २ जुलैला सिमला करारही झाला. पण तुम्ही आणि सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा ओलांडून परतलात ते १ डिसेंबर १९७२ ला. जवळजवळ एक वर्ष. घरी किंवा युनिटमध्ये कोणाविषयी तुमच्या तोंडून कडवट शब्द ऐकल्याचे मला आठवत नाही, त्या छावणीतल्या पहारेकऱ्यांविषयीसुद्धा.

आई, ते वर्ष तुझेही होते. आधी 'बेपत्ता' अशी तार आली आणि रेडक्रॉसमार्फत बाबांचे कार्ड येईपर्यंत शेजारच्या बायका मंगळसूत्राविषयी कुजबुजत होत्या. तू ते काढले नाहीस. कार्ड गुरुजींनी वाचून दाखवले, तेव्हा "सुखरूप आहे" एवढेच पुन्हा तीनदा वाचायला लावलेस, असे आत्या सांगते. त्यात बहात्तरचा दुष्काळ. बैल विकून झाल्यावर पाझर तलावाच्या कामावर मस्टरला नाव लावून तू खडी फोडलीस, आणि मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीवर आजी-आजोबांना जगवलेस. बाबा परतले तेव्हा त्यांच्यासाठी घर शिल्लक होते, ते तुझ्यामुळे.

या दोन्ही गोष्टींवर आमचे शिक्षण, नोकरी, ही शहरातली घरे उभी आहेत, आणि आम्ही भावंडांनी त्याबद्दल तुम्हाला कधी तोंडाने बोलून दाखवले नाही. बाबा, आई, आम्ही तुमचे फार ऋणी आहोत.

१ डिसेंबरला सकाळच्या गाडीने येत आहे. ट्रंकेतले ते कार्ड घड्यांवर विरले आहे; काचेच्या चौकटीचे माप घेऊन जाईन. बाबा, छावणीत तुमच्यासोबत असलेल्यांची जेवढी नावे आठवतील तेवढी सांगा. वही आणतो आहे.

आपला आज्ञाधारक मुलगा