देश नंतर ठरव, आधी ऋजुताला विचार

मेलबर्न
२ सप्टेंबर

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर उभ्याउभ्या उत्तर द्यावं असा हा विषय नाही, म्हणून आजची सकाळ त्यासाठी राखून ठेवली. तू विचारलंस, आपल्या ऋजुताला बारावीनंतर पदवीसाठी बाहेर पाठवायचं तर इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांतलं कुठलं शिक्षण चांगलं? आणि खाली हेही लिहिलंस की इंग्लंडला तीन वर्षांत पदवी होते, एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च वाचतो, म्हणून अभयचा कल तिकडे आहे.

हिशेब बरोबर आहे. पण ते एक वर्ष वाचतं कुठून, हे आधी बघ. इंग्लंडमधल्या मुलांनी विषय निवडण्याचं काम सोळाव्या वर्षीच उरकलेलं असतं. जीसीएसई, म्हणजे तिथली दहावीसारखी परीक्षा, झाली की पुढची दोन वर्षं ए-लेव्हलला, म्हणजे अकरावी-बारावीला, बहुतेक जण तीनच विषय घेतात. ज्याला फिजिक्स करायचंय तो फिजिक्स, गणित आणि आणखी एखादा विषय घेतो. इतिहासाशी त्याचा संबंध तिथेच संपतो. मग यूकॅसच्या, म्हणजे सगळ्या विद्यापीठांच्या सामाईक, प्रवेश अर्जात पाच पर्याय भरायचे. प्रत्येक पर्याय म्हणजे एक विद्यापीठ आणि त्यातला एक ठरावीक कोर्स, आणि पाचही ठिकाणी तुमचं एकच निवेदन जातं. त्यात ‘मला हाच विषय का शिकायचाय’ हे पटवून द्यायचं असतं. ज्या मुलीला दोन विषय सारखेच आवडतात तिनं काय लिहायचं?

ज्यांचं पक्कं ठरलंय त्यांच्यासाठी मात्र इंग्लंडसारखी व्यवस्था नाही, हेही मनापासून सांगते. पहिल्याच आठवड्यापासून स्वतःचा विषय, आजूबाजूला त्याच विषयाची आवड असलेली मुलं, आणि तीन वर्षांत इतकी खोली की अमेरिकेतला विद्यार्थी तिथवर पोचायला चौथं वर्ष उजाडतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजला तर दोन-तीन विद्यार्थी आठवड्याचं काम घेऊन शिक्षकांसमोर बसतात. ‘ही पायरी का घेतली?’ असं विचारलं की तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, लपायला जागा नसते.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला विलायतेचं जे आकर्षण होतं त्यात या परीक्षांचा मोठा वाटा होता. रँग्लर परांजप्यांचंच बघ. १८९९ साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस या पदवी परीक्षेत ते विभागून पहिले आले, सीनिअर रँग्लर झाले, आणि ‘रँग्लर’ हे त्यांच्या नावापुढे जन्मभरासाठी लागलं. एक विषय, एक परीक्षा आणि त्यातला क्रमांक. केंब्रिजनं पुढे १९०९ नंतर ती क्रमवारी जाहीर करणं बंद केलं, पण आपल्याकडे गुणवत्तेची कल्पना अजून तीच आहे.

त्यालाही कारण आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि लंडन विद्यापीठ १८३६ साली स्थापन झालं तेव्हा परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हेच त्याचं काम होतं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. आपण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकलो तरी पेपर कोल्हापूरच्या विद्यापीठातून यायचे. सर कितीही जीव तोडून शिकवोत, फायनलचे मार्क त्यांच्या हातात नसायचे. त्यामुळे ‘सर, हे परीक्षेला येणार का?’ हा प्रश्न आपण किती साळसूदपणे विचारायचो!

अमेरिकेत पीएचडीला गेले तेव्हा ही सगळी घडीच मोडली. तिथे जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो आणि ग्रेडही तोच देतो. दर आठवड्याला गृहपाठ, मध्येच क्विझ, सेमिस्टरमध्ये दोनेक मिडटर्म, मग फायनल. सगळ्याचे थोडेथोडे मार्क. वर्षभर उनाडक्या करून शेवटच्या महिन्यात जागरणं करण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. मुलं सतत कामाला जुंपलेली असतात, आणि त्याचा शीणही येतो. स्वतःच्या गतीनं वाचत बसायला, एखाद्या पुस्तकात आठवडाभर बुडून जायला सवड मिळत नाही. ही त्या पद्धतीची खरी किंमत आहे असं मला वाटतं.

पण एक प्रसंग सांगते. मी टीचिंग असिस्टंट होते, पहिल्या वर्षाच्या मुलांची खगोलशास्त्राची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. तो कोर्स फिजिक्सच्या मुलांचा नव्हताच. कुठल्याही शाखेच्या मुलांना विज्ञानाचा एखादा विषय घ्यावा लागतो, त्यासाठीचा होता. त्यात शेतकरी घरातली एक मुलगी होती, पशुवैद्यक व्हायचं म्हणून आलेली. ताऱ्यांच्या वर्णपटाचं प्रॅक्टिकल झालं आणि ती वेळ संपल्यावरही मागे थांबली. एकेका रेषेवर बोट ठेवून विचारत होती, ही कशाची, हे कसं कळलं, आणि तारा आपल्यापासून लांब चालला असेल तर ही रेषा कुठे सरकेल? पुढच्या सेमिस्टरला ती फिजिक्सच्या वर्गात दिसली. मी थक्क होऊन विचारलं, असं कसं केलंस? तर म्हणाली, सल्लागारांना भेटले, एक फॉर्म भरला. वर्ष वाया गेलं नाही, आधीची फी बुडाली नाही, घरात रडारड झाली नाही. मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केला तरी चालतो. आपल्याकडे किती मुलं केवळ ‘आता घेतलंय ना, मग पूर्ण कर’ म्हणून चार वर्षं ओढत नेतात, हे त्या दिवशी मला फार लागलं.

बाबासाहेबांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहेच. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबियाला गेले, मुख्य विषय अर्थशास्त्र. पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं चौफेर शिकले, तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या वर्गात बसले. आणि मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या वर्गात बसता आलं, ही त्या व्यवस्थेची ताकद. नंतर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले आणि तिथे रुपयाच्या प्रश्नावर एकाच विषयात खोल उतरून डी.एस्‌सी. मिळवली. दोन्ही व्यवस्थांनी त्यांना काही ना काही दिलं, पण आधी रुंदी आणि मग खोली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आता पैशांचं बोलू. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं त्या-त्या राज्यातल्या मुलांना सवलतीत शिकवतात. बाहेरच्यांना पूर्ण फी, आणि परदेशी मुलांना पदवीसाठी मदत फार थोडी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना आर्थिक परिस्थिती बघत नाहीत आणि गरजेइतकी मदत करतात, पण तिथे शिरकाव होणं किती अवघड आहे हे तुला माहीत आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक मुलांच्या फीवर सरकारी मर्यादा आहे, २०२५-२६ साली ती वर्षाला ९,५३५ पौंड होती; आपल्या मुलांना ती मर्यादा लागू नाही. स्कॉटलंड स्वतःच्या मुलांना फुकट शिकवतं. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून एचईसीएस म्हणून योजना आहे: फी सरकार भरतं आणि मुलगा कमवायला लागून ठरावीक उत्पन्नाच्या वर गेला की करातून थोडीथोडी कापली जाते. किती माणुसकीची योजना आहे! पण यातलं काहीच ऋजुतासाठी नाही. एजंट लोक बोलताना हा फरक शिताफीनं गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

स्कॉटलंडचं नाव तुझ्या यादीत नाही आणि ते असायला हवं. मी तिथे काही वर्षं शिकवलंय. पदवी चार वर्षांची, आणि पहिली दोन वर्षं मुख्य विषयाच्या जोडीला इतर विषय घ्यायला मोकळीक. सेंट अँड्र्यूज, ग्लासगो यांसारख्या ठिकाणी बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रवेश एकाच विषयात न मिळता अख्ख्या फॅकल्टीत, म्हणजे विद्याशाखेत, मिळतो, म्हणून तिच्या आतल्या आत विषय बदलणं सोपं जातं. शेवटच्या दोन वर्षांत मात्र इंग्लंडइतकंच कसून शिकवतात, आणि पदवीचा वर्ग बहुतांशी त्याच दोन वर्षांवर ठरतो. म्हणजे चाचपडण्याची वर्षं निकालात मोजली जात नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांसाठी यापेक्षा समजूतदार रचना मी पाहिलेली नाही.

तिथल्या परीक्षक मंडळाच्या बैठका तुला दाखवायला हव्या होत्या. टेबलावर नावांच्या जागी फक्त क्रमांक असलेल्या याद्या असतात. दुसऱ्या विद्यापीठातून आलेले बाह्य परीक्षक काही उत्तरपत्रिका आधीच वाचून आलेले असतात. सत्तर आणि त्यापुढे पहिला वर्ग. एका क्रमांकापुढे ६९ होते आणि एवढ्या एका विद्यार्थ्यावर बराच वेळ चर्चा चालली. प्रबंधात काय नवं होतं, कुठला पेपर घसरला, इतरांना लावलेली कसोटी इथेही तशीच लागते ना. बाह्य परीक्षकांनी प्रबंध पुन्हा मागवून घेतला आणि शेजारच्या खोलीत बसून वाचला. हा मुलगा कोण, मुलगी कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरचा परीक्षक म्हटला की आपल्याला धाकच आठवतो; तिथे मला त्यातला न्याय दिसला. ऋजुताला आधीच सांगून ठेव, तिकडे ६५ म्हणजे चांगले मार्क. आपल्याकडची पंच्याण्णव टक्क्यांची मुलं पहिला निबंध हातात पडला की खचून जातात.

ऑस्ट्रेलियात पदवी तीन वर्षांची, ऑनर्स हवं असेल तर वेगळं चौथं वर्ष, तेही मार्क चांगले असतील तरच. इथे मेलबर्न विद्यापीठानं २००८ पासून मोजक्या रुंद पदव्या ठेवल्या. डॉक्टरकी, वकिली त्यानंतर. बी.एस्‌सी.च्या मुलांना शाखेबाहेरचे काही विषय घ्यावेच लागतात. वर्ष फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं, पण पुष्कळ कोर्सना जुलैतही प्रवेश असतो, त्यामुळे बारावीच्या निकालानंतर फार खोळंबा होत नाही. एक उणीव सांगते: इथली बरीच मुलं घरीच राहतात, नोकऱ्या करतात, तास संपला की निघून जातात. बाहेरून आलेल्या मुलीला एकटेपणा जाणवतो. मी माझ्या वर्गात तो बघते आणि मला वाईट वाटतं.

कॅनडात शिक्षण प्रांतांच्या हाती, त्यामुळे एकच एक कॅनेडियन पद्धत नाही. वॉटर्लूला १९५७ पासून को-ऑप आहे, चार महिने शिक्षण आणि चार महिने पगारी काम, असं आलटून पालटून. इंजिनिअरिंग करणारीनं त्याचा जरूर विचार करावा. आयर्लंडमध्ये तिथल्या मुलांचा प्रवेश सहा विषयांच्या गुणांवर, जास्तीत जास्त ६२५, आणि शेवटच्या जागेसाठी बरोबरी झाली तर चक्क चिठ्ठी टाकल्यासारखी निवड. ऋजुताच्या दृष्टीनं या दोन्हींत विशेष काही नाही.

तर माझं मत. तू लिहिलंस की ती फिजिक्सचे व्हिडिओ बघता बघता मध्येच दख्खनच्या इतिहासात शिरते आणि अभयला वाटतं तिचं लक्ष लागत नाही. मला तसं वाटत नाही. तिला अजून निवडायचं नाहीये, आणि सतराव्या वर्षी तो तिचा हक्क आहे. अशा मुलीला इंग्लंडला पाठवून एक वर्ष वाचवू नका. बाहेरच पाठवायचं असेल तर आधी स्कॉटलंड, मग मेलबर्न. विज्ञान शाखेत राहून इतिहास कितपत घेता येतो, हे मात्र प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. आणि महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीवर थेट घेतात की आधी फाउंडेशनचं, म्हणजे पूर्वतयारीचं, वर्ष करायला लावतात, हेही. फाउंडेशन लागलं तर अभयचं वाचलेलं वर्ष तिथेच गेलं!

आणखी एक वाट आहे, मी ज्या वाटेनं गेले ती. पदवी भारतातच, पुण्याला आयसर या विज्ञानसंस्थेत किंवा चांगल्या कॉलेजात. नव्या धोरणामुळे आपल्याकडेही आता मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय घेता येतो आणि चौथ्या वर्षाचं ऑनर्स आलंय. मग पीएचडीला अमेरिका. विज्ञानातल्या पीएचडीला तिथे बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार मिळतो. माझ्या बाबांना घर गहाण ठेवावं लागलं नाही ते यामुळेच. तुम्ही कर्ज काढायला निघालात म्हणून हे काकुळतीनं लिहितेय. व्हिसा आणि नोकरीच्या नियमांवर विसंबून काही ठरवू नका, तिची पदवी होईपर्यंत ते किती वेळा बदलतील सांगता येत नाही.

ऋजुताला एक काम सांग. सेंट अँड्र्यूज, ग्लासगो आणि मेलबर्न, तिन्हींच्या संकेतस्थळांवर दुसऱ्या वर्षाला कोणते विषय घेता येतात त्याची यादी असते, ती काढून वाचायची आणि स्वतःला कुठले घ्यावेसे वाटतात त्यावर खुणा करायच्या. पहिल्या वर्षाची नको, ती सगळीकडे सारखीच दिसते. खुणा करून झाल्या की मला थेट फोन करू दे. तू आणि अभय त्या वेळी खोलीत नसलात तर बरं, ती मोकळेपणानं बोलेल. इथे आणि तिकडे सध्या साडेचार तासांचा फरक आहे, तुमच्या दुपारी दोनला मी जेवून निवांत असते.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळव. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
अंजली