नव्या आवृत्तीत काउंटरवर बिल करता येत नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मेडिकल दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं नवं अपडेट

महोदय,

तुमचं सॉफ्टवेअर आमच्या दुकानात बरीच वर्षं आहे आणि आजवर तक्रारीची वेळ आली नव्हती. या अपडेटनंतर मात्र संध्याकाळच्या गर्दीत बिल करणं मुश्कील झालं आहे.

पूर्वी औषधाची पहिली अक्षरं, एंटर, बॅच, एंटर, नग, एंटर, असं कीबोर्डकडे न बघता बिल व्हायचं. आता बॅच निवडायला माउसच लागतो. आम्ही उभ्याने काम करतो. काउंटरवर कीबोर्ड, स्कॅनर आणि प्रिंटर मांडल्यावर माउस फिरवायला वीतभरही जागा उरत नाही. रात्री दुकान बंद करेपर्यंत खांदा भरून आलेला असतो.

स्कॅनरचा घोळ त्याहून गंभीर आहे. बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच असतो: आकडे टाइप करतो आणि आमच्यासारख्या सेटिंगमध्ये शेवटी एंटर देतो. कर्सर नगाच्या रकान्यात राहिला असेल तर अख्खा बारकोड तिथे उमटतो आणि एंटरमुळे स्वीकारलाही जातो. तेरा आकडी नग प्रोग्रामने अडवायलाच हवा होता.

आमचा मॉनिटर 1366 बाय 768 चा आहे. अक्षरं नीट दिसावीत म्हणून विंडोजमध्ये पडद्यावरच्या मजकुराचा आकार 125 टक्के ठेवला, की सेव्हचं बटण पडद्याखाली जातं. खाली सरकताही येत नाही.

मुदत संपत आलेली बॅच तुम्ही फक्त लाल रंगाने दाखवता, बाकीच्या हिरव्या. आमच्या एका सहकाऱ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. तो तारीख वाचून काम करायचा. तीही आता पुसट करड्या अक्षरांत आहे. माहिती केवळ रंगावर सोपवू नये आणि साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान 4.5:1 असावा, असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून ठरवलेले आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. ते वेबसाठी असले तरी इथेही तितकेच लागू पडतात. आमच्याकडे नजरचूक झाली तर मुदतबाह्य गोळी पेशंटच्या हातात जाते.

बॅचची निवड पुन्हा कीबोर्डवर आणा, स्कॅनरचा आकडा नगात शिरू देऊ नका, मुदत ठळक अक्षरांत लिहा. हे होईपर्यंत जुनी आवृत्ती परत बसवून द्या. पुढच्या बदलाआधी तुमचा माणूस संध्याकाळी आमच्या काउंटरवर उभा करा, आम्ही त्याला सगळं दाखवू.

उत्तर लेखी मिळावं.

कळावे,
एक औषध विक्रेता, सांगली