पाणी यायच्या आधीची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोहिणी निघाली की आमच्या गावात एकच प्रश्न फिरायला लागतो. पिठाच्या गिरणीत, दूध संस्थेच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर. "बाई, यंदा येतंय का वो पाणी?" मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून गाव अजून मला बाई म्हणतं आणि बाईंना माहीत असणार, असं धरून चालतं. पूर येणार का, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण गेली काही वर्षं मी या प्रश्नाला एक उत्तर देते: पाणी यायच्या आधी घराघराची वही भरा. ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आमचा शिरोळ तालुका चार नद्यांचा. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि तिथून सगळं पाणी राजापूर बंधाऱ्यावरून कर्नाटकात जातं. त्यामुळे घाटमाथ्यावर चार दिवस पाऊस कोसळला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून विसर्ग वाढला, की आमच्याकडे लख्ख ऊन असतानाही नदीकाठच्या मळीतल्या उसात पाणी चढायला लागतं. आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. कोल्हापुरात दुकानं धुऊन उघडतात, तेव्हाही आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असतं. २००५ ला हे पाहिलं, २०१९ ला पाहिलं, २०२१ ला पाहिलं. २०२४ ला पंचगंगा पुन्हा धोका पातळीच्या वर गेली तेव्हा तर लहान मुलंसुद्धा न सांगता आपापली दप्तरं माळ्यावर टाकत होती.

२०१९ च्या आश्लेषा नक्षत्रात कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, यावरून अंदाज यावा. पुणे-बंगळूर महामार्ग बंद, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. आमच्या शेजारी एक आक्का राहायच्या. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मुलगा मुंबईला, सून नोकरीला बाहेरगावी. रात्री दोनच्या सुमारास पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागलं. बोट नव्हती. गल्लीतल्या चार पोरांनी गुऱ्हाळावरची गूळ आटवायची मोठी काहील ओढत आणली, तिच्यात वाकळ अंथरली आणि आक्कांना उचलून ठेवलं. दोघं पुढे, दोघं मागे, काठाला धरून पोहत निघाले. मी बॅटरी घेऊन माडीच्या खिडकीत उभी होते. काळ्या पाण्यावर गोल काहील हळूहळू फिरत जात होती आणि आक्का आतून एकच विचारत होत्या, "माझी म्हस सोडली का रं?"

त्या पोरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून आक्कांना वाचवलं. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती, म्हणजे धोका काय होता हे त्यांनाही ठाऊक होतं. पण गडबडीत आक्कांचा गोळ्यांचा डबा फडताळात राहिला. छावणीतल्या डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? कोणालाच सांगता येईना. मला येईना, मी तर भिंतीला भिंत लागून राहणारी. रक्त पातळ करायची एक गोळी असते आणि एक पांढरी, एवढंच माहीत. मुलाचा फोन तीन दिवसांनी लागला. तोवर आक्कांना दुसरा झटका आला होता. पंधरा दिवसांनी त्या गेल्या. पुरात गेल्या नाहीत, म्हणून कुठल्या आकड्यात त्यांची नोंद नाही.

संपादक महोदय, पाणी आम्हाला थांबवता येणार नव्हतं. पण गोळ्यांची नावं लिहून ठेवता आली असती. त्याला कुठला निधी लागत नव्हता, कुठला जीआर लागत नव्हता. शंभर पानी वही लागली असती आणि एक दुपार.

ती वही मी त्याच दिवाळीत आणली. प्रत्येक घराला एक पान. घरात माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, बाळंतीण किंवा दिवस गेलेली कोण, मधुमेहाचं इंजेक्शन कोणाला लागतं, रोजच्या गोळ्या कोणत्या (पाकिटावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायच्या), बाहेरगावच्या मुलाचा, जावयाचा नंबर, पोहता येतं का, जनावरं किती आणि ती कुणाच्या माळावर जाणार. शेवटच्या पानावर गावात कोणाकडे काय आहे ते: ट्रॅक्टरच्या ट्यूब, दोर, काहील, गॅस शेगडी, जनरेटर. आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविका सोबत असतात, त्यांना घराघरातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. दर मे महिन्यात आम्ही पानं पुन्हा तपासतो. कोणी गेलेलं असतं, कोणी जन्मलेलं असतं.

म्हशींचं वेगळं सांगायला हवं. बाहेरून येणाऱ्या मंडळींना वाटतं, ही खेडवळ माणसं हट्टी आहेत, सांगूनही घर सोडत नाहीत. ज्याच्या घरचा चहा-साखरेचा आणि मुलाच्या फीचा पैसा दुधातून येतो, त्याने दावणीला बांधलेली म्हैस टाकून बोटीत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. २०१९ ला आमच्या गल्लीतले सात-आठ कर्ते पुरुष केवळ जनावरांपायी मागे राहिले आणि नंतर त्यांना काढायला दुसऱ्यांना जावं लागलं. वहीने आम्हाला हे शिकवलं: म्हैस हलली की माणूस हलतो. म्हणून पहिल्यांदा जनावरं काढायची.

२०२१ ला हे कामाला आलं. त्या वेळी पाणी २०१९ पेक्षा झपाट्याने चढलं, राजारामला ५६ फुटांवर गेलं, आणि वर करोना. छावणीत जायचीच लोकांना भीती. पण बंधाऱ्यावर ३९ फूट झाल्याचं कळताच ट्रॅक्टर लागले. संध्याकाळपर्यंत जनावरं माळावर होती आणि दिवेलागणीपूर्वी अंथरुणावरची माणसं नातेवाइकांकडे पोचली होती, प्रत्येकाच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या आणि एक चिठ्ठी. ऊस कुजला, भिंती पडल्या, सगळ्यांचंच नुकसान झालं. माणूस मात्र एकही गेला नाही, आणि दीड महिन्यानेसुद्धा नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढायला लागलं की पुजारी मंडळी वाट पाहत बसत नाहीत. दत्ताची उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, पूजा तिथे सुरू राहते, आणि मग पादुकांवरून पाणी दक्षिणद्वारातून बाहेर पडतं तेव्हा लोक श्रद्धेने स्नान करतात. देवाची ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आपल्या आजीसाठी ती करायला आपल्याला कशाची अडचण आहे?

पूर आला की महाराष्ट्र धावून येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१९ ला ज्या दुष्काळी गावांनी उन्हाळाभर आपली जनावरं चारा छावणीत जगवली, तिथल्या बायकांनी भाकरी थापून पाठवल्या. ती फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी मी जन्मभर विसरणार नाही. जवानांनी, तालमींच्या पोरांनी, अनोळखी डॉक्टरांनी जे केलं त्याला तोड नाही. पण त्याच वेळी रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते आणि आम्हाला हवे होते पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, जनावरांना वैरण आणि गाळ उपसायला फावडी. देणाऱ्याचं मन खोटं नव्हतं. गाव कोणतं, माणसं कोण, गरज काय, हे त्याला आधी माहीत नव्हतं एवढंच.

म्हणून तरुणांना माझी विनंती आहे, विशेषतः पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या आमच्याच मुलांना. ऑगस्टमध्ये याल तेव्हा याच, पण मेमध्ये दोन दिवस या. आपल्या गल्लीची वही भरा. आई-वडिलांच्या गोळ्यांचा फोटो काढून शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा. सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकमध्ये घालून ती पिशवी कुठे टांगली आहे हे घरातल्या लहान मुलालाही दाखवा. माझा स्वतःचा मुलगा दरवर्षी म्हणतो, आई, घर विकून टाक आणि इकडे ये. त्याची काळजी मला कळते. पण माझ्या वहीत एकोणचाळीस पानं आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना जायला दुसरं घर नाही. मी गेले तर ती पानं कोण तपासणार, याचं उत्तर मिळेपर्यंत मी इथेच आहे.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, पूररेषेतली बांधकामं, पुलांचे भराव, पुनर्वसनाच्या जागा, या प्रश्नांवर आपल्या अंकात सतत लिहून येतं आणि ते यायलाच हवं. त्या लढाया लढणारे लढत आहेत, त्यांना माझा पाठिंबा आहे. मात्र त्यांचा निकाल लागेपर्यंत अनेक पावसाळे जातील आणि प्रत्येक पावसाळ्यात कोणाच्या तरी उंबऱ्याला रात्री दोन वाजता पाणी लागेल.

आपल्याकडेही एक मागणं आहे. पूर आला की पहिल्या पानावर बुडालेल्या घरांची छायाचित्रं येतात. त्याऐवजी, किंवा त्यासोबत, १५ जूनपासून रोज एक चौकट छापावी: राजाराम बंधारा, नृसिंहवाडी, राजापूर बंधारा आणि सांगलीचा आयर्विन पूल इथली पाणीपातळी, शेजारी इशारा आणि धोका पातळी, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक. अक्षर मोठं असावं. आमच्याकडे पेपर वाचतात ती म्हातारी माणसं, आणि दुपारी पारावर बसून बाकीच्यांना वाचून दाखवतात तीही म्हातारीच. मोबाइलवर सगळं असतं म्हणतात, पण पुरात पहिल्यांदा जातो तो मोबाइल.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या शाळेच्या पटांगणात ट्यूबमध्ये हवा भरून बघणार आहोत, दोर ओढून बघणार आहोत. गेल्या वर्षी वर्गणीतून एक जुनी बोट घेतली आहे, पण तिचं इंजिन दहा मिनिटांत बंद पडतं. आपल्या वाचकांत कोणी बोटीच्या इंजिनाचं काम जाणणारा मेस्त्री असेल, तर त्याने आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. जाण्यायेण्याचा खर्च आम्ही देऊ, जेवण माझ्या घरी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर