पत्र्याच्या टाकीतील पाण्यामुळे मासे मेल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जीआय टाकीबद्दल माहितीपत्रकात केलेला चुकीचा दावा आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

मे महिन्यात तुमच्या पुण्यातील विक्रेत्याकडून मी पावसाचे पाणी साठवण्यासाठी गॅल्व्हनाइज्ड (जीआय), म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी घेतली. माहितीपत्रकात "पिण्यासाठी, बागेसाठी व मासे पाळण्यासाठी सुरक्षित" असे स्पष्ट छापले आहे, आणि त्या ओळीवर विसंबूनच मी ही टाकी निवडली. आम्ही धायरीला राहतो. उन्हाळ्यात सोसायटीत येणारे टँकरचे पाणी बोअरचे, जड असते; ते माझ्या टेट्रा माशांना मानवत नाही. त्यांना पावसाचे हलके पाणी द्यावे, एवढाच हेतू होता.

पहिल्या सरींचे पाणी सोडून दिले, पन्हळ धुतली आणि मगच टाकी भरू दिली. त्यातले थोडे पाणी काचेच्या टाकीत घातल्यावर आधी गोगलगाई तळाशी निपचित पडल्या. मग टेट्रा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. एअर पंप चालू होता, अमोनियाची चाचणी शून्य होती, तरी त्यांचे कल्ले भराभर हलत होते आणि कल्ल्यांवर पांढुरका चिकट थर दिसत होता. गप्पी त्यातल्या त्यात तगले, टेट्रा एकही वाचला नाही. तुमच्या टाकीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवले की पांढरी पूड हाताला लागते. ती मुलाम्यातल्या जस्ताचीच पूड आहे, जस्ताच्या संयुगांची.

मी ते पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. जस्ताचे प्रमाण लिटरला १.८ मिलिग्रॅम निघाले. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, "मॅडम, हे पाणी माणसेसुद्धा पितात." जस्तापुरते ते बरोबर आहे, आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत जस्त चालते. पण मासा पाणी पिऊन थांबत नाही, तो त्यातच श्वास घेतो. जस्त कल्ल्यांना इजा करते आणि त्यांतून होणारे कॅल्शियमचे शोषण अडवते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी, पाण्याचा जडपणा लिटरला १०० मिलिग्रॅम असताना, जस्ताची मर्यादा लिटरला ०.१२ मिलिग्रॅम धरली आहे. पाणी जितके हलके, तितकी ही मर्यादा आणखी खाली येते, कारण जड पाण्यातले कॅल्शियम माशांचा काही प्रमाणात बचाव करते.

पावसाच्या पाण्यात नेमके हे कॅल्शियमच नसते. शिवाय हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते, त्याचा पीएच साधारण ५.६ असतो, आणि असे पाणी पत्र्यावरचा मुलामा जास्त विरघळवते. म्हणजे जे पाणी साठवण्यासाठी तुम्ही ही टाकी विकता, तेच पाणी त्यातून जस्त सर्वांत सहज उचलते आणि त्याच पाण्यात मासे सर्वांत लवकर मरतात. टाकी नवी असताना तर हे जास्तच होते.

प्रतिनिधीने आयएस २७७ चा शिक्काही दाखवला. ते मानक जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे आहे. त्या पत्र्याच्या टाकीतले पाणी माशांना चालेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता मला पुढील गोष्टी हव्या आहेत. टाकीला आतून खाद्यपदार्थांसाठी मान्य असलेले प्लास्टिकचे अस्तर बसवून द्यावे किंवा टाकी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. मेलेल्या माशांची आणि पाणी तपासणीची भरपाई द्यावी. आणि माहितीपत्रकातील "मासे पाळण्यासाठी सुरक्षित" हे शब्द ताबडतोब काढावेत. माझ्या दृष्टीने ही मागणी पैशांपेक्षा मोठी आहे. पुण्यात पावसाचे पाणी साठवणाऱ्या सोसायट्या वाढत आहेत आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत गप्पी सोडणारेही पुष्कळ आहेत. त्यांना हे आधी कळायला हवे.

बिल, तपासणी अहवाल, माहितीपत्रक आणि फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक
धायरी, पुणे