मेडिक्लेम आयाबाईचा पगार देत नाही

मा. संपादक,

उतारवयाच्या नियोजनावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. मोठ्या रकमेचा मेडिक्लेम घ्या, म्हातारपणाची चिंता मिटेल, असे त्यात छापले आहे. साफ चूक. घरातली पॉलिसी काढा आणि वगळलेल्या बाबींत 'एक्सक्ल ०५' हे कलम शोधा. त्याचा मजकूर विमा नियामकानेच ठरवून दिलेला असल्याने बहुतेक पॉलिसींत तो सारखाच सापडेल. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, धरून चालवणे या मदतीचा खर्च मिळत नाही. मग ती घरी असो वा शुश्रूषा केंद्रात, नर्स करो वा आयाबाई.

खुब्याचे हाड मोडले तर ऑपरेशनचे बिल पास होते. डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांची औषधे, तपासण्याही मिळतात. पण पेशंट अंथरुणातच राहिला, तर आयाबाई, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली हवेची गादी, सगळे खिशातून. ७० वर्षांवरच्यांचे आयुष्मान कार्डही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे.

आयाबाई पुरवणारे ब्युरोवाले पाळी १२ तासांची धरतात, म्हणजे दिवसरात्र माणूस हवे तर दोन बायका. पेशंट जड असेल किंवा नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) असेल तर दर चढतो, सुट्टीच्या बदलीचे पैसे वेगळे. पक्षाघात किंवा डिमेन्शियात हे वर्षानुवर्षे चालते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवले, तरी ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, महिन्याला २०,५००, तेही करापूर्वी. हे व्याज ५ वर्षे तेवढेच राहते आणि आयाबाईचा पगार दरवर्षी वाढतो. या खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला काढावीच लागते. लेखात त्याबद्दल एक ओळ नाही!

त्याहून घातक सल्ला रिव्हर्स मॉर्गेजचा. राहते घर बँकेकडे तारण ठेवा आणि बँक तुम्हाला देईल त्या हप्त्यातून वृद्धाश्रमाचे पैसे भरा म्हणे. अहो, हे कर्ज त्या घरात राहणाऱ्यासाठीच असते. कर्जदार आणि सहकर्जदार दोघेही सलग वर्षभर तिथे राहिले नाहीत, तर साधारणपणे मुक्काम कायमचा हलवला असे धरतात आणि कर्ज वसुलीला येते. नवरा-बायकोपैकी एकजण घरी राहणार असेल तरच दुसऱ्याच्या खर्चासाठी ही सोय कामाची. तीही घरी राहणाऱ्याचे नाव कर्जात असेल तर. एकट्या माणसाने लेखावर विसंबून सही केली, तर वृद्धाश्रमात गेल्यावर त्याच्यामागे घर विकायची घाई लागेल.

आणि लेखातला तो तक्ता! करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्यांच्यासाठी पुरवणी काढता त्यांना तो भिंग लावूनही वाचता येत नाही. चुकांची दुरुस्ती त्याच पानावर, काळ्या ठळक अक्षरात छापावी, ही विनंती.

आपला,
विमा दाव्यांचे काम पाहणारा एक वाचक