सहा आण्यांचा घुमट

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पासाठी तू ताजमहालाचं जुनं तिकीट मागितलंस. १९४९ सालचं, पाच रुपयांचं, आहे माझ्याकडे. पण पाकिटात घातलाय त्याच मालिकेतला सहा आण्यांचा गोलघुमट. लगेच रागावू नकोस.

१५ ऑगस्टला निघालेली ती सोळा तिकिटं नाशिकला छापली होती. अजिंठा, घारापुरीची त्रिमूर्ती, सांची, सुवर्णमंदिर, कुतुबमिनार, पालिताणा, सगळे एका रांगेत. (एक आण्याचा बोधिसत्त्व आधी आरशातल्यासारखा, डावं-उजवं उलटाच छापला गेला, पुढच्या वर्षी सुलटा केला. माझ्याकडे दोन्ही आहेत, पण ते मागू नकोस.)

ताज बाहेरून बघायचा. विजापूरचा हा घुमट आतून. तिकिटात नेमकं तेच येत नाही. जांभळट शाईत दिसते एक बोजड चौकोनी इमारत आणि कोपऱ्यांवरचे मनोरे. मनोऱ्यांचे सात मजले भिंगातून मोजता येतात का बघ, मला जमलं नाही. आत मात्र एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही! चौकोनावर वर्तुळ बसवायचं कसं? दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेव. त्या रेषांवर आठ कमानी एकमेकींना छेदत जातात आणि बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट त्यांच्यावर टेकतो. तुमचे सर हे फळ्यावर काढून दाखवतीलच.

खाली निजलाय मुहम्मद आदिलशहा, १६५६ साली वारलेला, ज्याच्या दरबारी शहाजीराजे सरदार होते तो. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या तळघरात. शेजारी पश्चिमेला मशीद आहे. ती या तिकिटात नाही.

तू सहा वर्षांची असताना आपण गेलो होतो, आठवतं? तुला कबरींशी काही देणंघेणं नव्हतं. वरच्या सज्जात तू आईबरोबर पलीकडच्या टोकाला उभी होतीस. मी भिंतीला तोंड लावून हळूच "सायले" म्हणालो. तू माझ्याकडे न बघता मागे वळलीस आणि भिंतीलाच "काय?" म्हणालीस.

तिकीट चिमट्यानेच धर, गोंद लावू नकोस. हिंजा, म्हणजे तिकीट वहीत लावायच्या कागदी पट्ट्या, सोबत पाठवल्या आहेत. दिवाळीला येशील तेव्हा परत आण, ताज तेव्हा देईन.

तुझा,
बाबा