हलाल उद्योग मोरो वस्त्यांपर्यंत पोहोचावा

फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटावर हलाल उद्योगाच्या वाढीतून शांतता बळकट करता येईल, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्याच्याशी मी सहमत आहे, मात्र हा उद्योग नेमका कुठे उभा राहणार आणि त्याची मालकी कोणाकडे जाणार, हा कळीचा प्रश्न त्यात राहून गेला आहे. मिंदानावमधील मुस्लिम मोरो समाजाची सशस्त्र संघटना मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट आणि सरकार यांच्यात २०१४ मध्ये सर्वंकष शांतता करार झाला, २०१९ मध्ये मोरोंचा बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला आणि सुमारे ४० हजार लढवय्यांपैकी २६ हजारांहून अधिक जणांनी नागरी जीवनाची वाट धरली. त्यांना प्रत्येकी एक लाख पेसो रोख मिळाले. पण त्यापुढील उपजीविकेचे आश्वासन पाळले गेले नाही, अशी तक्रार करत संघटनेने जुलै २०२५ मध्ये उरलेल्या १४ हजारांची शस्त्रे खाली ठेवण्याची प्रक्रिया रोखून धरली.

हलाल उद्योग म्हणजे केवळ कत्तलखाना नव्हे. पशुखाद्य, शीतगृहे, चाचणी प्रयोगशाळा, प्रमाणपत्र देणारी यंत्रणा अशा प्रत्येक टप्प्यावर रोजगार असतो. याच प्रदेशातील तावी-तावी प्रांतातील कुटुंबे समुद्रशेवाळ पिकवतात, ते बहुतांशी वाळवून कच्चेच बाहेर जाते आणि प्रक्रियेचा नफा इतर शहरांत राहतो. हलाल मालाबाबतही हेच घडले, तर बंदूक खाली ठेवलेल्या माणसाच्या हाती काहीच पडणार नाही. म्हणून प्रयोगशाळा आणि प्रक्रिया केंद्रे बांग्सामोरोतच उभारावीत व माजी लढवय्यांच्या सहकारी संस्थांना त्यांत भागीदारी द्यावी.

– एक वाचक, सोलापूर